शाया आणि शाळा : पहिली-दुसरीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. पहिलीला नऊ आणि दुसरीला चौदा, असा तेविसाचा पट. आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. गावाची बोली अहिराणी. कापूस, मका, ज्वारी आणि थोडी बाजरी, यावर सगळं गाव जगतं. या वहीत मुलांची आणि पालकांची नावं लिहिणार नाही.

हे काम कशासाठी हाती घेतलं, ते आजच लिहून ठेवते. मार्चमध्ये श्रुतलेखनाच्या वह्या तपासत होते. मी ‘डोळा’ सांगितलं होतं आणि सहा मुलांनी ‘डोया’ लिहिलं होतं. सहाही ठिकाणी लाल गोल केला आणि पुढे गेले. रात्री मात्र झोप लागेना. मी मूळची यावलकडची, घरी लेवा बोली. तिसरीत असताना वर्गात म्हणाले होते, ‘आमच्या वावरात केयी आहेत.’ बाईंनी मला बाकावर उभं केलं, ‘केळी’ हा शब्द दहा वेळा म्हणायला लावला, आणि वर्ग हसत राहिला. त्यानंतर वर्षभर मी वर्गात आपणहून तोंड उघडलं नाही. केळीच्या बागेत वाढलेली मुलगी केळीचं नाव घ्यायला घाबरत होती. आणि आता लाल पेन माझ्या हातात होतं.

म्हणून यंदाचा नवोपक्रम हाच. घरची बोली आणि घरच्यांना जे जे येतं ते वर्गात आणायचं, त्यातून वाचन, लेखन आणि गणिताचं साहित्य बनवायचं, आणि ते पालकांच्या हातून बनवून घ्यायचं. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे त्याचं ध्येय. ‘समजून’ या शब्दावर माझा सगळा भर आहे. न समजता खडाखडा वाचणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

२० जून, शुक्रवार

घरभेटी सुरू केल्या. सकाळी सातला बाया निंदणीला निघतात, त्यामुळे संध्याकाळी साडेसातनंतरच जाते. आजवर घरभेटीत माझा प्रश्न ठरलेला असायचा, ‘घरी अभ्यास करतो का?’ आणि उत्तरही ठरलेलं. यंदा प्रश्न बदलला : ‘तुम्हाला काय काय येतं, ते सांगा.’

पहिल्या चारही घरी एकच उत्तर मिळालं. “आम्हले काय येस मॅडम, आम्ही अडाणी मानसे.”

चौथ्या घरी चहा होईपर्यंत ओट्यावर बसले होते. दाराच्या मागच्या भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा दिसल्या. चार रेघा, पाचवी आडवी, असे गठ्ठे. मधेच एक रेघ अर्धी. विचारलं तर ताई लाजल्या. दुधाचा रतीब होता. एक रेघ म्हणजे एक लिटर, अर्धी रेघ म्हणजे अर्धा. महिन्याच्या शेवटी त्या गठ्ठे मोजतात : पाच, दहा, पंधरा. मग भिंत सारवून पुन्हा पहिल्यापासून. घरात कॅलेंडर आहे, पण ते यांच्या सासऱ्यांचं. भिंत यांची.

मी वर्गात पाच-पाचचे गठ्ठे शिकवायला आइस्क्रीमच्या काड्या विकत आणते. या बाईंचा मुलगा रोज त्या भिंतीला पाठ टेकून जेवतो आणि माझ्या वर्गात तो गणितात ‘कच्चा’ आहे. त्यांची परवानगी घेऊन भिंतीचा फोटो काढला.

२८ जून, शनिवार

पालकसभा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण वाटा पालकांचा असतो आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. कागदावर आमच्याकडेही ते बरोबर आहे. पण सभा सकाळी अकराला ठेवली की चार जण येतात, कारण अकराला सगळं गाव वावरात असतं. या वेळी रात्री साडेआठला मारुतीच्या पारावर घेतली. एकतीस जण आले. त्यांत एकोणीस बाया. त्या पारावर चढल्या नाहीत, खाली गोणपाट टाकून बसल्या. मीही खाली बसले.

मुलांची बोली वर्गात आणणार, असं सांगितलं आणि दुसरीतल्या एका मुलाचे वडील उठले.

“मॅडम, घरमा आम्ही अहिराणीच बोलतस. शायामा बी तेच शिकाडशात तर पोऱ्या मराठी कव्हय शिकी?”

सभा एकदम त्यांच्या बाजूने झाली. मी तयारी करून गेले होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय, हे सांगितलं. २०११ च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी तिच्यातच धरतात) बोलणारे १८ लाख ६० हजारांच्या आसपास नोंदले आहेत, हे सांगितलं. कोणी हललं नाही. मग त्या भाऊंनी आपलं सांगितलं. ते सहा वर्षं सुरतेत कामाला होते. तिथे मराठी माणसंच त्यांच्या बोलण्यावर हसायची. बँकेत फॉर्म भरताना तोंडातून शब्द निघायचा नाही. आपल्या मुलावर ती वेळ येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

याला धोरणाचं कलम हे उत्तर नव्हे. मी त्यांना माझ्या केळीची गोष्ट सांगितली. म्हटलं, “भाऊ, मराठी शिकवायचीच आहे. उत्तम शिकवायची आहे. पण मूल आधी बोललं पाहिजे. गप्प बसलेल्या मुलाला मी कोणतीच भाषा शिकवू शकत नाही.” बायांमधून एक आजी म्हणाल्या की मॅडमले करू द्या, पण मुदत बांधा. मग ठरलं : कोजागिरीच्या रात्री याच पारावर दुसरीच्या मुलांनी मराठी पुस्तक वाचून दाखवायचं. धडा पालक उघडतील. जमलं नाही तर प्रकल्प बंद.

मान्य केलं. घरी येताना पोटात गोळा आला होता.

५ जुलै, शनिवार

साहित्याचं कपाट उघडलं. मागे एका ठिकाणाहून मिळालेले छापील अक्षरतक्ते, गुळगुळीत कागदाचे. ‘य’ यज्ञाचा, ‘ऋ’ ऋषीचा, फळांत सफरचंद पहिलं. यज्ञ माझ्या मुलांनी पाहिलेला नाही. ‘य’ मात्र त्यांच्या तोंडात दिवसभर असतो.

कार्डशीट कापून पहिला संच केला. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला, मध्ये चित्र. डोया–डोळा. शाया–शाळा. केयी–केळी. आभाय–आभाळ. काया–काळा. उन्हाया–उन्हाळा. चित्रं सरांच्या चौथीतल्या मुलांनी काढली. मी नियम सांगितला नाही. कार्डं जमिनीवर मांडली आणि विचारलं, काय दिसतंय?

बराच वेळ कोणी काही बोलेना. मग पहिलीतली एक मुलगी, जिला अजून सगळी अक्षरंही येत नाहीत, उजव्या बाजूच्या ‘ळ’ वर एकेक बोट ठेवत गेली. “हाई आठे बी शे. आठे बी शे.” दुसरीतल्या मुलाने डावीकडचा ‘य’ पकडला. आणि मग एकाला एस.टी.ची पाटी आठवली : पाटीवर ‘अमळनेर’ लिहितात आणि आजी ‘अमयनेर’ म्हणते! पाठोपाठ ‘धुये’ आणि ‘जयगाव’ही आले. सुटीची घंटा झाली तरी कोणी उठेना.

पहिल्या तीन आठवड्यांत ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता, तो आज दोनदा बोलला.

१० जुलै, गुरुवार

नियम सापडला की मुलं तो सगळीकडे लावून बघतात. आज वहीत ‘गाळ दूध देते’ असं वाक्य आलं. ‘पाळ दुखतो’ असंही आलं. एकाने आईला ‘माळ’ लिहिलं. आधी वाटलं, मीच घोळ करून ठेवला. मग लक्षात आलं की ही चूक न शिकलेल्या मुलाची नाही, शिकणाऱ्या मुलाची आहे. ‘य’ दिसला की मराठीत ‘ळ’ करायचा, असा त्यांनी आपला आपण नियम बांधलाय आणि प्रामाणिकपणे पाळलाय.

फळ्यावर दोन टोपल्या काढल्या. एकीत बदलणारे शब्द, दुसरीत न बदलणारे. गाय, माय, पाय, हे न बदलणारे. कुठला शब्द कुठल्या टोपलीत जातो ते कळायला मराठी ऐकायला हवं, वाचायला हवं. आता त्यांना मराठी वाचायचं कारण मिळालं. रोज दहा मिनिटं मी मोठ्याने पुस्तक वाचते आणि मुलं ‘न बदलणारे’ शब्द पकडतात.

पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिलेले निरोप टाकत होते, त्यावर शुकशुकाट. आजपासून आवाजी निरोप. ज्या आयांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येतं. फोन दिवसभर वडिलांसोबत वावरात असतो, म्हणून रात्री आठनंतर पाठवायचे.

२१ जुलै, सोमवार

आज मी चुकले, ते लिहून ठेवते.

वर्गात भिल्ल वस्तीवरची दोन मुलं आहेत, पहिलीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. दोन आठवडे ‘घरचा शब्द–पुस्तकातला शब्द’ चाललंय. आज कार्डं वाटली आणि ‘घरचा’ बाजूचा शब्द वाचायला सांगितला, तेव्हा तो मुलगा म्हणाला, “हा माझ्या घरचा नाही.” शांतपणे म्हणाला. त्याच्या घरी भिलोरी बोलतात. अहिराणी ही त्याच्यासाठी गावाची भाषा, मराठी शाळेची. मी त्याला दोन पायऱ्या खाली उभं करून ठेवलं होतं आणि वरून म्हणत होते की हेच तुझं घर.

दुपारी वस्तीवर गेले. त्याची आई आणि शेजारच्या मावशी चुलीजवळ होत्या. कार्डं दाखवली, एकेका चित्राला त्यांच्याकडे काय म्हणतात ते विचारलं. मी देवनागरीत लिहून वाचून दाखवायचे, मुलगा मान हलवायचा, ‘असं नाही, असं’. एका शब्दाला त्याने मला तीनदा थांबवलं. माझ्या कानाला पहिला आणि तिसरा उच्चार सारखाच वाटत होता. त्याला वाटत नव्हता. मार्चमध्ये मी श्रुतलेखन घेतलं होतं, आज त्याने माझं घेतलं.

कार्डाला तिसरा रकाना जोडला. जुनी सगळी कार्डं पुन्हा करायची.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर ही देवी बसते, सुरत-मुंबईला गेलेले भाऊबंद त्यासाठी गावी येतात. काल संध्याकाळी दुसरीतल्या एका मुलीच्या आजीने रोटांचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू मोजायला बोलावलं होतं. मी वही घेऊन गेले.

त्यांच्या घरचा रिवाज असा की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. आजी सुपासमोर बसल्या. एक भरली मूठ, मग बोटांच्या टोकांत येतील तेवढे वरचे दाणे, तो पाव. मूठ टाकताना नाव घ्यायच्या आणि तोंडाने मोजायच्या : “सव्वा. अडीच. पावणेचार. पाच. सव्वासहा.” न थांबता. आजी शाळेत एक दिवसही गेलेल्या नाहीत. ही सवायकी. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी हे पाढे एके काळी शाळेत घोकून घेत असत. आजींनी ते सासूच्या शेजारी बसून, देवीचे गहू मोजता मोजता उचलले. दुसरीच्या मुलांना अर्धा-पाव कसा समजावायचा म्हणून मी कागदाच्या भाकरी कापत बसते.

मुलगी माझ्या मांडीला टेकून बघत होती. पाच नावं झाली आणि आजींनी सूप बाजूला सारलं. तिने विचारलं, “आजी, मन्ही मूठ कोठे शे?”

“बाईमानुसनी मूठ नही राहस, माय.”

मुलगी गप्प झाली. मीही काही बोलले नाही. पाहुणी होते, देवीचं काम होतं. पण रात्रभर ते मनात राहिलं. घरचं ते सगळं वर्गात आणायचं, असं मी जूनमध्ये लिहून बसले आहे. घरात मायेसोबत हेही असतं. ते वगळून फक्त गोड गोड उचलायचं, हे मला पटत नाही. आजींच्या रिवाजावर वर्गात निकाल द्यायचा, हेही पटत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

चिंचोके घेऊन सवायकी केली. चार चिंचोके म्हणजे एक मूठ, एक चिंचोका म्हणजे पाव. प्रत्येकाने आपल्या घरातल्या ‘सगळ्या माणसांची’ मूठ मोजायची, एवढंच सांगितलं. त्या मुलीने नऊ माणसं मांडली. पंचेचाळीस चिंचोके, चारचे अकरा ढीग आणि एक उरला. सव्वाअकरा. तिने वहीत नऊ नावं ओळीने लिहिली. तिसरं तिचं स्वतःचं, पहिलं आजीचं.

वही घरी नेऊन तिने आजीला वाचून दाखवली. आजी म्हणाल्या, “हिसोब बराबर शे.” त्यापुढे काही नाही. मला हे मुलीकडून कळलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल २४ ऑगस्ट, बहिणाबाई चौधरींचा जन्मदिवस. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर आणि वावरात त्या गाणी म्हणायच्या, आणि ती कागदावर उतरवून घेतली घरच्या माणसांनी, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी छापून लोकांपुढे आली ती त्यानंतर. उतरवून घेणारं कोणी घरात नसतं तर ती गाणी त्यांच्यासोबतच गेली असती.

हे मुलांना सांगितलं आणि गृहपाठ दिला : आईने सांगायचं, तुम्ही लिहून घ्यायचं. विषय कळण्याची भाकरी. तेवीसपैकी सतरा जणांनी आणलं. पहिलीच्या मुलांनी चित्रं आणि दोन-तीन शब्द. ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचे, मीठ दळतानाच टाकायचं, एवढं सगळ्यांचं सारखं. पण प्रमाण? एकीचं चाराला एक, दुसरीचं तीनाला एक, एका घरी ‘पायलीला दोन मुठा, हात सांगतो तेवढं’. दादरच हवी, दुसरी ज्वारी चालणार नाही, असं एका आजीने मुलाकडून अधोरेखित करून घेतलं होतं. वर्गात यावरून जे भांडण झालं, त्यात सगळ्यात जास्त वाक्यं मराठीत बोलली गेली. दुसऱ्या घरच्या मुलाला पटवून द्यायचं होतं ना.

सतरा पानं शिवून पुस्तक केलं. मुखपृष्ठावर लेखक म्हणून आयांची नावं, लेखनिक म्हणून मुलांची. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे. छापखान्यावाचून मुलांना वाचायला देता येतं, ते याच तालुक्यात झालेलं आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

भाद्रपद पौर्णिमेपासून भुलाबाई बसल्या. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघरी गाणी आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखणं. हे ‘खाऊ ओळखा’ मी वर्गात उचललं. रोज एका आईने झाकलेला डबा पाठवायचा. मुलांनी फक्त प्रश्न विचारायचे, नाव शेवटी. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? कुरकुरीत की मऊ? वावरातलं की दुकानातलं?

पहिल्या दिवशी मुलं थेट नावंच ओरडत होती. आज तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, “ते भिजवून करतात का?” त्या एका प्रश्नात उरलेले सगळे पदार्थ गळून पडले. भुलाबाई मुलींचा खेळ, पण डब्याभोवती मुलंही तेवढीच. डबा आणणारी आई दारात थांबते, उत्तर ऐकून मगच कामाला जाते. आज एक वडील थांबले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस थांबत नाही. कपाशीच्या कैऱ्या, म्हणजे कच्ची बोंडं, काळ्या पडताहेत. गावाचं मन कशातच नाही. घरभेटी थांबवल्या आहेत; अशा वेळी दारात जाऊन ‘खाऊचा डबा पाठवा’ म्हणवत नाही. वर्गात वाचन मात्र रोज.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी झाली. पारावर दुधाची कढई, वर बल्ब टांगलेला. दुसरीची चौदाही मुलं हजर. ठरल्याप्रमाणे धडा पालकांनी उघडायचा.

दहा मुलांनी नीट वाचलं, अडखळले तरी आपलं आपण सावरलं. तिघांनी अक्षर लावून लावून, दोन ओळींत दम लागला. एका मुलीने पुस्तक हातात घेतलं आणि वाचलंच नाही. ती आईच्या पदरात शिरली. तिचा आग्रह मी धरला नाही.

सुरतेहून आलेल्या त्या भाऊंनी आपल्या मुलासाठी स्वतः पान काढलं. पुस्तकाच्या शेवटाकडचं, न शिकवलेलं. मुलगा वाचत गेला. ‘आभाळ’ आल्यावर तो थांबला, खाली बसलेल्या आजीकडे वळून म्हणाला, “आजी, आभाय,” आणि पुढे वाचायला लागला. वडिलांनी पान उलटलं. म्हणाले, “आजून एक वाच.”

प्रकल्प चालू राहिला. उरलेल्या चौघांसाठी वेगळा वेळ काढायचा आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुटी संपली. वस्तीवरची चार कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत निघाली, त्यात दुसरीतल्या त्या मुलाचं घर आहे. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते, ती लग्नात आणि दवाखान्यात जाते, आणि मग थंडीभर फेडायची असते. मुलाला मागे ठेवा, म्हणून तीनदा गेले. गावात सांभाळायला एकटी आजी, तीही अंथरुणाला. आई म्हणाली, “मॅडम, याला ठेवलं तर माझा हात चालणार नाही तिथे.” यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

शिक्षण हमी पत्रक भरून दिलं, म्हणजे जातील तिथल्या शाळेत त्याला बसता यावं. पण पुढची शाळा गुजराती माध्यमाची, आणि फड आज इथे तर उद्या तिथे. म्हणून एक पिशवी करून दिली : तीन रकान्यांची कार्डं, भाकरीचं पुस्तक, कोरी वही, दोन पेन्सिली, चिंचोके. वडिलांच्या फोनमध्ये माझा नंबर आहे का, ते बघून घेतलं. आवाजी निरोप कसा पाठवायचा ते मुलाकडून दोनदा करून घेतलं.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, सोबत अनुताई वाघ होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. शंख-शिंपले, पानं, खडे हेच साहित्य. उसाच्या फडापर्यंत माझे पाय पोचत नाहीत. पिशवी पाठवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कापसाची वेचणी जोरात. हजेरी अकरा-बारावर आली आहे. मोठी भावंडं धाकट्यांना घेऊन बांधावर बसतात. मी रागावून काही होणार नाही, म्हणून शनिवारी दुपारनंतर मीच वावरात गेले.

संध्याकाळी काटा लागतो. झाडाला टांगलेला, त्याला गाठोडं अडकवायचं, फडक्याचं वजन वजा करायचं. किलोला दहा रुपये मजुरी. मालक चिठ्ठीवर आकडा लिहून देतात, बाया चिठ्ठी ओटीच्या टोकाला बांधतात, शनिवारी हिशेब. चिठ्ठी बांधून ठेवायची एवढंच त्यांना माहीत. तिच्यावर काय लिहिलंय ते मालकाच्या तोंडून.

ज्या ताईंच्या भिंतीवर रेघा आहेत, त्यांचा मुलगा तिथेच होता. म्हटलं, आईची चिठ्ठी वाच. “सदतीस.” तीनशे सत्तर, हे आईने त्याच्या आधी सांगितलं. मग शेजारच्या मावशीने पदराची गाठ सोडली, तिच्या मागे आणखी एकीने. त्याने पाच जणींच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि मी जमिनीवर काडीने मांडत गेले. मालकही उभे राहून ऐकत होते, एका चिठ्ठीवरचा पुसट आकडा त्यांनी स्वतः पुन्हा लिहून दिला.

सोमवारी तो मुलगा शाळेत आला तो कोरी वही मागत. दर शनिवारी पाच जणींचा हिशेब त्याच्याकडे आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत साहित्य मांडलं. बऱ्याच जणांनी कार्डांची पीडीएफ मागितली. देणार नाही असं नाही, दिलीही. पण एका बाईंना म्हटलं ते इथेही लिहिते : तुमचं गाव पारोळ्याच्या अंगाला आहे, तुमच्याकडचे चार शब्द तरी वेगळे निघतील, ते तुमच्या आयांकडूनच काढा. कार्ड करताना माझ्या वर्गात जे झालं, ते कार्ड छापून होणार नाही. त्या म्हणाल्या, वेळ कुठे आहे. बरोबर आहे त्यांचं. चार इयत्ता एकट्या सांभाळतात. पुढच्या शनिवारी मी त्यांच्या गावी संध्याकाळी जाणार आहे, पहिल्या दोन घरभेटी सोबत करू.

कोजागिरीला न वाचलेली मुलगी आता माझ्याजवळ बसून वाचते. पारावर नाही वाचणार म्हणते.

१६ डिसेंबर, मंगळवार

काल रात्री पावणेदहाला फोन वाजला. उसाच्या फडावरून आवाजी निरोप, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कोणीतरी कोणाला हाक मारतंय. मग तो मुलगा. आधी आईने बांधलेल्या मोळ्या मोजतो, वीसपर्यंत त्याच्या भाषेत. मग मराठीत, पुन्हा पहिल्यापासून. अठराला थांबतो, ‘एकोणीस’ मागून आई सांगते. नंतर पिशवीतल्या कार्डांचे शब्द, तिन्ही रकाने ओळीने. शेवटी एक नवा शब्द सांगतो आणि म्हणतो, “मॅडम, याचं कार्ड नाहीये. करा.”

तो शब्द मी सात-आठ वेळा ऐकला. नीट पकडता येत नाही, आणि चित्र कशाचं काढायचं तेही कळत नाही. आज शाळा सुटल्यावर फोन घेऊन वस्तीवर जाते. अंथरुणाला खिळलेली त्याची आजी आहे, तिला ऐकवते आणि विचारते.